तिसरी घंटा झाली, पडदा उठेना!

दोस्तांनो, नाटकाला गेलाच असाल कधी ना कधी. पहिली घंटा होते, दुसरी होते, बाहेर बटाटेवडा खाणारे काका तोंड पुसत आत येतात. तिसरी घंटा होते, दिवे मालवतात, आणि पडदा काही उठत नाही. आत खुडबुड चाललेली असते. कुणीतरी धावतंय, काहीतरी सरकवतंय. म्हणजे नाटक रद्द झालेलं नाही, माणसं आत आहेत. पण आपल्यासमोर नुसता अंधार!

कॉम्प्युटरचं असं झालं की दुकानात सगळे एकच वाक्य म्हणतात, ‘डिस्प्ले येत नाही.’ बटण दाबलं, पुढचा दिवा लागला, पंखा घुरघुरला, पण मॉनिटर काळाकुट्ट. आता हे रोज होत असेल तर एका अर्थानं बरं. कायमचा बिघाड स्वभावानं सरळ असतो, तो जिथं असतो तिथंच सापडतो. खरा छळ करतो तो अधूनमधून होणारा बिघाड. रात्रभर तापानं फणफणलेलं पोर डॉक्टरांकडे नेल्यावर कसं टुणटुणीत होतं, आणि आई-बाबा खोटे पडतात? तशी त्याची जात. दुकानात नेलं की चालतो, घरी आणला की रुसतो.

आज त्याच लबाडाला कसं पकडायचं ते सांगणार आहे. आणि हो, मी स्वतः त्याच्याकडून कसा फसलो तेही सांगावंच लागेल.

नाशकात आमच्या गल्लीत दोन भावंडं राहतात. नावं छापणार नाही असं कबूल केलंय, म्हणून नववीतल्या बहिणीला आपण ताई म्हणू आणि सहावीतल्या भावाला छोटू. त्यांच्याकडे एक जुना डेस्कटॉप आहे. तो काही शोभेचा नाही. त्यांची आई घरी मराठी टायपिंगची कामं घेते. कुणाचे अर्ज, कुणाचा लग्नाचा बायोडेटा, एका क्लासच्या प्रश्नपत्रिका. त्यातून घराला बऱ्यापैकी हातभार लागतो.

डिसेंबरात हा कॉम्प्युटर रुसायला लागला. सकाळी बटण दाबलं की कधी सरळ चालू व्हायचा, कधी पंखा फिरायचा आणि पडदा काळा. बंद करून पुन्हा, पुन्हा बंद करून पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकदम काही झालंच नाही असा उठायचा. एके दिवशी सकाळी आठला क्लासची प्रश्नपत्रिका द्यायची होती आणि हा साडेसात वाजेपर्यंत डोळे उघडेना. त्या दिवशी आईंना क्लासवाल्यांचं बरंच ऐकून घ्यावं लागलं.

मग घरात गुन्हेगाराचा शोध सुरू झाला, आणि तो पाच मिनिटांत लागलासुद्धा! छोटूनं नोव्हेंबरात मित्राच्या पेनड्राइव्हवरून एक गेम आणून टाकला होता. “तरी मी म्हणत होतो,” असं बाबा म्हणाले, आणि छोटूला कॉम्प्युटरबंदी झाली. गेम उडवला, व्हायरस शोधून झाला, काही उपयोग नाही. तरी बंदी कायम. पुढे एका दुकानात कॉम्प्युटर दाखवला, तर तिथं तो अर्थातच शहाण्यासारखा सुरू झाला. दुकानदार म्हणाले, “अधूनमधून होतंय म्हणजे मदरबोर्डच. साडेसहा हजार धरून चाला.” म्हणजे आईंच्या दोन-अडीच महिन्यांच्या टायपिंगवर पाणी!

ताई माझ्याकडे आली ती हे दोन प्रश्न घेऊन. “काका, मदरबोर्ड खरंच गेलाय का? आणि छोटूनं खरंच काही केलंय का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी तिला तिथल्या तिथं दिलं, कारण त्याला पेचकस लागत नाही. पडदा उठायच्या आधी आत काय चालतं तेवढं माहीत असलं की झालं.

तुम्ही बटण दाबता तेव्हा सगळ्यात आधी जागा होतो तो एसएमपीएस. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जिथं जाड वायर खोचतो ना, तिथला पत्र्याचा डबा. भिंतीतून आलेल्या २३० व्होल्टचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो आणि आत वाटतो. सगळे दाब जागेवर आले की तो मदरबोर्डला एक खूण करतो. तिचं नावच ‘पॉवर गुड’. खूण पोचेपर्यंत प्रोसेसरला थोपवून धरलेलं असतं. खूण मिळाली की प्रोसेसर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधल्या सूचना वाचायला लागतो आणि हजेरी घेतो. रॅम आहे का? हजर. चित्र काढणारा भाग आहे का? हजर. कीबोर्ड? हजर. या हजेरीला पोस्ट म्हणतात, म्हणजे चालू झाल्यावर स्वतःच स्वतःची घेतलेली परीक्षा. १९८१ साली आयबीएमनं पहिला पीसी आणला तेव्हा तोही ही परीक्षा घ्यायचा आणि पास झाला की एक छोटी शिटी मारायचा. तीच आपली तिसरी घंटा! हल्ली पुष्कळ कॅबिनेटांत शिटीचा तो चिमुकला स्पीकर बसवतच नाहीत, त्यामुळे घंटा ऐकू येत नाही इतकंच.

ही सगळी हजेरी होऊन पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटतं, आणि मग कुठं कॉम्प्युटर हार्ड डिस्ककडे वळतो. विंडोज तिथं असतं, आईंच्या प्रश्नपत्रिका तिथं असतात आणि छोटूचा गेमही तिथंच होता. आता सांगा, पडद्यावर चिन्हसुद्धा उमटत नाही, म्हणजे डिस्कपर्यंत कुणी पोचलेलंच नाही, तर डिस्कवरचा गेम अडथळा कसा आणेल? नाटकाच्या तिसऱ्या अंकातला नट पहिल्या अंकाचा पडदा कसा अडवेल?

चिन्ह दिसलं, विंडोज सुरू होता होता पडदा काळा झाला, असं असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा गेमवर, नव्यानं टाकलेल्या प्रोग्रॅमवर संशय घेता येतो. म्हणून अंधार नेमका कुठल्या क्षणी झाला हे आधी बघायचं. ताईंच्या घरी ते कुणी बघितलंच नव्हतं. सगळ्यांचं लक्ष छोटूकडे!

आता पहिला प्रश्न. नाटक आत सुरू झालंय आणि फक्त पडदा अडकलाय, की नाटकच सुरू झालेलं नाही? म्हणजे दोष मॉनिटरकडचा की कॅबिनेटमधला? हे ओळखायची एक फुकटची युक्ती आहे. पडदा काळा असताना कीबोर्डवरचं नम लॉकचं बटण दाबा. त्याचा चिमुकला दिवा लागतोय-विझतोय का? (तुमच्या कीबोर्डला तो दिवा नसेल तर कॅप्स लॉक बघा.) दिवा बोटाच्या तालावर नाचत असेल तर कॉम्प्युटर आत जिवंत आहे, कामाला लागलाय. मग बहुतेक वेळा लोचा मॉनिटर, त्याची वायर, नाहीतर ग्राफिक्स कार्ड यांपैकी कुठंतरी असतो. दिवा मेल्यासारखा पडून असेल, तर गाडी हजेरीपाशीच अडकलीय.

मॉनिटरकडे दोष असेल तर अर्धी कामं तुम्ही स्वतः करू शकता. वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे ना? जुन्या निळ्या पिनेत पंधरा सुया असतात, एखादी वाकलेली असली तरी खेळ खलास. मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते का, की पाटीही येत नाही? पाटी आली म्हणजे मॉनिटर शुद्धीवर आहे, त्याला चित्र पोचत नाहीये. मॉनिटरच्या बटणांतून तो कुठल्या पिनेकडे कान लावून बसलाय तेही बघा. एचडीएमआयमध्ये वायर आणि मॉनिटर ऐकतोय व्हीजीए, असं फार वेळा होतं. आणि घर आवरताना वायरी काढून परत लावल्या असतील तर हमखास होणारी एक चूक. ज्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलंय अशा कॉम्प्युटरला मागे चित्राच्या पिना दोन ठिकाणी असतात, एक मदरबोर्डच्या आणि एक खाली कार्डाच्या. वायर कार्डाच्या पिनेत हवी. या एका गोष्टीपायी दिवाळीच्या साफसफाईनंतर किती कॉम्प्युटर दुकानात जातात, विचारू नका. अजून एक, अंधाऱ्या खोलीत काळ्या मॉनिटरवर टॉर्च तिरकी मारून बघा. पुसट चित्र दिसलं तर चित्र येतंय, फक्त मॉनिटरचा मागचा उजेड गेलाय.

ताईनं दुसऱ्या दिवशी सकाळी नम लॉक दाबून बघितलं. दिवा ढिम्म. म्हणजे मॉनिटर निर्दोष, वायर निर्दोष, आणि छोटू तर आधीच सुटला होता. (बाबांना मात्र हे पटलं नव्हतं. “दिवा लागत नाही म्हणून छोटू निर्दोष? हा काय न्याय?” असं ते म्हणाले म्हणे.)

आता माझी फजिती. रविवारी दुपारी मी पेचकस खिशात घालून त्यांच्याकडे गेलो. भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन उपसून काढली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते, आणि झाकण उघडलं. धूळ ही एवढी! रॅमची पट्टी काढली. तिच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, ते दात खाचेत नीट टेकले नाहीत किंवा त्यांच्यावर मळ बसला की हजेरीत रॅम ‘गैरहजर’ लागते. डिस्प्ले न येण्याचं हे नेहमीच्या कारणांपैकी एक. आपल्याकडे सगळे जण दात खोडरबरानं घासतात. मी मऊ कापडानंच पुसले, खोडरबर जोरात घासलं तर वरचा सोन्याचा पातळ थर निघतो आणि त्याचा चुराही खाचेत अडकतो. पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंनी ‘खट्’ असा आवाज आला, झाकण लावलं, बटण दाबलं. डिस्प्ले आला! पाच वेळा बंद-चालू करून दाखवला. पाचही वेळा आला. आईंनी चहा-पोहे दिले. “लूज कॉन्टॅक्ट होता हो, मदरबोर्ड कसला जातोय!” असं ऐटीत म्हणून मी घरी आलो.

सोमवारी चालला. मंगळवारी सकाळी ताईचा फोन. “काका, डिस्प्ले येत नाही.”

मी कुठं चुकलो ते तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं. ते मला एका वहीनं शिकवलं.

मंगळवारी मी ताईला म्हटलं, आता कशालाही हात लावायचा नाही. एक वही कर आणि फक्त लिही. तारीख, वेळ, कॉम्प्युटर किती तास बंद होता, डिस्प्ले आला की नाही, नम लॉक लागला की नाही, कितव्या खेपेला चालू झाला. ताईनं स्वतःच्या डोक्यानं अजून एक रकाना वाढवला, खोलीचं तापमान. त्यांच्या घरी भिंतीवर एक थर्मामीटर आहे, तो कधीच कुणी वाचत नसे.

वहीवरून एक जुनी गोष्ट सांगतो, मग पुढे जाऊ. ९ सप्टेंबर १९४७ या दिवशी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचा खोलीएवढा कॉम्प्युटर गडबड करत होता. त्यात आजच्यासारख्या चिपा नव्हत्या, उघडझाप करणारे हजारो रिले होते. चालवणाऱ्यांनी शोधलं तर ‘एफ’ पॅनेलमधल्या ७० नंबरच्या रिलेत एक पतंग अडकलेला! त्यांनी तो काढला आणि चिकटपट्टीनं थेट नोंदवहीतच चिकटवून टाकला. बिघाडाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणायची पद्धत त्याच्या आधीपासून होती, एडिसननं १८७८ सालच्या एका पत्रात तो शब्द वापरलाय. म्हणून त्यांना गंमत वाटली की आज खराखुरा किडा सापडला. ग्रेस हॉपर या त्या चमूतल्या गणितज्ञ पुढे ही हकिगत रंगवून सांगत. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पतंगासकट. लोकांना पतंग आठवतो. मला मात्र त्या वहीचं जास्त कौतुक वाटतं. चालवणारे वेळेसकट नोंदी करत होते म्हणून तर तो पतंग आज आपल्याला बघायला मिळतो.

तर ताईची वही. बारा दिवसांनी ती माझ्यासमोर उघडली गेली. बारा सकाळी, त्यांतल्या चार सकाळी डिस्प्ले नाही. चारही वेळा नम लॉक मेलेला. चारही वेळा कॉम्प्युटर रात्रभर बंद होता. दुपारी किंवा संध्याकाळी एकदाही बिघाड नाही, शून्य! आणि तापमानाचा रकाना? बिघडलेल्या चारही सकाळी खोली १७ अंशांच्या खाली. नाशिकचा डिसेंबर-जानेवारी म्हणजे काय ते इकडच्या मुलांना सांगायला नको. जवळच्या निफाडचा पारा तर थंडीत बातम्यांत झळकतो.

वही वाचता वाचता माझे कान लाल झाले. मी रॅम पुसली ती भर दुपारी, आणि तपासलंही भर दुपारी. तेव्हा तर तो तसाही चालतच होता! मी रॅम पुसण्याऐवजी कॅबिनेटची आरती केली असती तरी पाच वेळा डिस्प्ले आलाच असता. बिघाड ज्या वेळी येतो त्याच वेळी तपासायला हवं होतं, तेही रात्रभर बंद ठेवून.

थंडीत रुसणारं कॉम्प्युटरमध्ये काय असतं? संशयितांच्या यादीत वरचा नंबर एसएमपीएसचा. त्याच्या पोटात छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांच्यात एक ओलसर रसायन भरलेलं असतं. कपॅसिटरचं काम पाण्याच्या टाकीसारखं. वीज साठवायची आणि खालीवर होणारा दाब सपाट करून द्यायचा. वर्षं गेली, उन्हाळे सोसले की ते रसायन हळूहळू सुकतं. सुकत आलेला कपॅसिटर थंडीत आणखी आळशी होतो, त्याच्यातून वीज पटकन आत-बाहेर होत नाही. मग सकाळी पहिल्या खेपेला व्होल्टेज डगमगतं, प्रोसेसर गोंधळतो, हजेरी अर्धवट राहते. दोन-तीनदा बंद-चालू केलं की डबा जरा कोमट होतो आणि गाडी सुरू. आजोबांचे गुडघे सकाळी धरतात आणि चार पावलं चालल्यावर मोकळे होतात ना, अगदी तस्संच.

“पण काका, पंखा तर फिरत होता. म्हणजे वीज मिळतच होती की!” छोटू म्हणाला. शंका फक्कड आहे. पंखा बिचारा साधा गडी, १२ व्होल्टच्या जागी थोडं कमी-जास्त आलं तरी फिरत राहतो. प्रोसेसरचं तसं नाही. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, हे दुकानांतसुद्धा ऐकू येणारं वाक्य आहे आणि ते चूक आहे.

तरीही लक्षात घ्या, वहीनं बिघाड केव्हा होतो ते सांगितलं. कोण करतं ते नाही सांगितलं. मदरबोर्डवरही कपॅसिटर असतातच, त्यांनाही थंडी वाजते. दुकानदार बरोबर असण्याची शक्यता अजून होती. आता एकच उपाय, एक वस्तू बदलायची, एकच, आणि पुन्हा लिहायचं. दोन वस्तू एकदम बदलल्या तर कुणामुळे बरं वाटलं ते कसं कळणार?

माझ्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस आदल्याच वर्षी नवा बसवलेला होता आणि ताईंच्या कॉम्प्युटरला चालणारा होता. तो काढून मी त्यांच्याकडे बसवला. (त्या दिवसांतला या पानाचा मजकूर मी हातानं लिहून दिला. माझं अक्षर कसं आहे ते संपादकांना विचारा!)

पहिल्या सकाळी डिस्प्ले आला. दुसऱ्या सकाळी आला. “झालं, सापडला चोर!” छोटू ओरडला. त्याला घाई असणारच, बंदी उठायची होती. पण ताईनं कागद घेतला आणि गणित मांडलं. तुम्हीही मांडा. जुना डबा असताना बारांत चार, म्हणजे तीनांत एक सकाळ बिघडायची. म्हणजे काहीही न बदलतासुद्धा एखादी सकाळ चांगली जायची शक्यता दोन तृतीयांश. लागोपाठ दोन सकाळी चांगल्या जायची शक्यता दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे चार नवमांश. जवळजवळ निम्मी! नाणं उडवून छापा आला तर चोर सापडला म्हणण्यासारखंच की ते. पाच सकाळी चांगल्या गेल्या तर? ३२ भागिले २४३, म्हणजे साधारण आठांत एक. अजूनही योगायोग असू शकतो. दहा सकाळी? १०२४ भागिले ५९०४९, साधारण अठ्ठावन्नांत एक. इथं मात्र योगायोगाला फारशी जागा उरत नाही.

“दहा दिवस!” छोटूनं कपाळाला हात लावला. पण थांबला.

दहा सकाळी गेल्या, दहाही वेळा पहिल्याच खेपेला डिस्प्ले आला. मी म्हटलं, चला, नवा एसएमपीएस आणू. आणि तेव्हा ताईनं जे विचारलं ते ऐकून मी पुन्हा खुर्चीत बसलो. “काका, जानेवारी संपत आलाय. थंडी कमी झाल्यामुळे चालत असेल तर?”

तापमानाचा रकाना बघितला. दहांतल्या सात सकाळी अजून १७ च्या खालीच होत्या. पण शंका रास्त होती, आणि तिचा एकच पक्का निकाल होता. जुना डबा परत लावायचा! चांगला चालणारा कॉम्प्युटर मुद्दाम बिघडवायचा. आईंना ते मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी हातातली कामं आधी पुरी करून घेतली, एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मगच परवानगी दिली. (हे शहाणपणाचं काम खरं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. तुमच्याकडे असं काही सुरू झालं तर सगळ्यात आधी तेच करा.)

जुना डबा लावला. पहिली सकाळ, डिस्प्ले आला. दुसरी, आला. छोटूचा चेहरा पडला. तिसऱ्या सकाळी पावणेसातला माझा फोन वाजला. पलीकडून दोघं एकदम किंचाळत होते, “काका, डिस्प्ले येत नाही! डिस्प्ले येत नाही!” कॉम्प्युटर बिघडला म्हणून एवढा आनंद झालेलं घर मी तरी दुसरं बघितलेलं नाही.

नवा एसएमपीएस बाराशे रुपयांना पडला. जुना डबा दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्यांनी त्यांच्या टेबलावर उघडून दाखवला. दोन कपॅसिटरांची डोकी फुगून वर आलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. तो डबा त्यांनी उघडला, आम्ही नाही. हे मात्र अगदी कान उघडून ऐका. एसएमपीएसचे स्क्रू तुम्ही कधीही काढायचे नाहीत. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात, आणि भिंतीतली पिन काढल्यावरही ते काही वेळ तिथंच दबा धरून बसतात. कॅबिनेटचं झाकण उघडायचं तेही पिन उपसून आणि घरातलं मोठं माणूस सोबत असतानाच.

तुमच्या कॉम्प्युटरला एसएमपीएसच नडत असेल असं नाही, बरं का. पावसाळ्यात रुसत असेल तर रॅमचे दात किंवा ढिली पिन आधी बघा. रोज सकाळी घड्याळ मागे पडलेलं दिसत असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल. सीआर २०३२ असं तिच्यावर लिहिलेलं असतं, ती तीन व्होल्टची असते आणि स्वस्तात मिळते. तास-दीड तास चालून मग काळा होत असेल तर थंडी नाही, गरमी नडतेय. पंखे आणि धूळ बघा.

छोटूची बंदी उठली. बाबा ‘चुकलं’ वगैरे काही म्हणाले नाहीत, बाबा लोक म्हणत नाहीत. पण नवा डबा बसवायचा होता तेव्हा त्यांनी टॉर्च धरायला छोटूला हाक मारली, आणि चारही स्क्रू त्यालाच आवळू दिले. दुसऱ्या दिवसापासून वहीत त्याचंही अक्षर दिसायला लागलं.

तर तुमच्या घरी असा एखादा रुसवा चालू असेल तर या पानाच्या पत्त्यावर जरूर कळवा. मात्र ‘काका, डिस्प्ले येत नाही, काय करू?’ एवढंच लिहून पाठवू नका. वहीची निदान दहा दिवसांची पानं सोबत हवीत, नम लॉकच्या रकान्यासकट.